एकदा सांगितले होते

माझ्या आईच्या तोंडी एक वाक्य नेहमी असे : "एकदा सांगितलं ना!" डबा घरीच विसरला, दुधाचे भांडे उघडे राहिले, मावशीकडचा निरोप द्यायचा राहून गेला, की हे वाक्य ठरलेले. त्यातल्या 'एकदा'वर ती असा काही जोर देई की, एकदा सांगितले म्हणजे सांगणाऱ्याचे कर्तव्य संपले आणि पुढचे सारे पाप ऐकणाऱ्याच्या माथी, असेच मला लहानपणी वाटे. मोठेपणी मी तेच वाक्य माझ्या मुलांना ऐकवले. आणि पुढे एके दिवशी, एका कचेरीतल्या लांबट टेबलाशी बसून, ते मी एका परक्या मुलीविषयी उच्चारले. त्याची टोचणी अजून गेलेली नाही. एकदा सांगणे म्हणजे सांगणे खरे काय, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो तेव्हापासून.

वेबवरच्या अर्जांचे प्रोग्राम लिहिणे हा माझा गेल्या वीसएक वर्षांचा धंदा. वाचकांपैकी बहुतेकांनी असा एखादा अर्ज केव्हा ना केव्हा भरलेला असेलच. आपण सगळी माहिती भरतो, 'सादर करा' हे बटण दाबतो, पडदा क्षणभर पांढरा होतो आणि मग जे नवे पान उघडते त्याच्या माथ्यावर एका हिरव्या पट्टीत वाक्य दिसते : 'आपला अर्ज जतन झाला.' तेच पान पुन्हा उघडून पाहावे तर पट्टी नाहीशी झालेली असते. या एकदाच दिसणाऱ्या निरोपाला आमच्या धंद्यात 'फ्लॅश' म्हणतात. वीज चमकावी तसा तो येतो आणि जातो. त्याची घडण वाटते तितकी साधी नाही. आणि ती समजल्यावाचून माझी कथा समजणार नाही, म्हणून ती थोडक्यात सांगतो.

पलीकडच्या टोकाला बसलेला सर्व्हर हा स्वभावाने विसराळू कारकून आहे. वेबचा सगळा व्यवहार एचटीटीपी नावाच्या नियमावलीने चालतो आणि तिच्या मूळ कल्पनेप्रमाणे प्रत्येक मागणी ही नवी मागणी. आत्ता खिडकीशी आलेला माणूस मघाचाच, हे कारकुनाला ठाऊक नसते. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी 'कुकी'ची युक्ती काढली. कुकी म्हणजे एक बिल्ला. कारकून तो पहिल्या खेपेस आपल्या हाती देतो, आपण तो दर खेपेस दाखवतो, आणि त्यावरचा आकडा पाहून कारकून मागच्या भिंतीतला आपल्या नावाचा कप्पा उघडतो.

दुसरी अडचण निराळी होती. अर्ज सादर झाल्यावर त्याच खिडकीवर 'झाले' असे उत्तर दिले आणि माणसाने पान पुन्हा ताजे केले, तर ब्राउझर तोच अर्ज पुन्हा पाठवू पाहतो. एका अर्जाचे दोन होतात. पैशांचा मामला असेल तर एका खरेदीचे पैसे दोनदा जातात. यावर आमच्या धंद्याने तोडगा काढला तो असा की, अर्ज घेणाऱ्या खिडकीने स्वतः काहीच बोलायचे नाही; अर्ज घ्यायचा आणि माणसाला दुसऱ्या खिडकीकडे धाडायचे. १९९७ साली एचटीटीपीची १.१ ही आवृत्ती आली. तिच्यात ३०३ क्रमांकाचे उत्तर याच कामासाठी आहे. त्याचा अर्थच 'दुसरीकडे पाहा'. दुसऱ्या खिडकीवर आपण नुसते पाहायला जातो, देत काही नाही. त्यामुळे ते पान शंभर वेळा ताजे केले तरी बिघडत नाही.

पण मग पंचाईत अशी की, काय झाले हे ज्याला ठाऊक तो पहिल्या खिडकीवरचा कारकून मुका, आणि बोलू शकणाऱ्या दुसऱ्याला काहीच ठाऊक नाही. म्हणून पहिला एक चिठ्ठी लिहितो आणि आपल्या कप्प्यात टाकतो. दुसरा ती काढतो, मोठ्याने वाचतो आणि फाडून टाकतो. हाच तो एकदाचा निरोप.

फाडून का टाकायची? मी नवशिका होतो तेव्हा मला हा नुसता टापटिपीचा प्रश्न वाटे. आता वाटते, त्यात सत्याचाच प्रश्न आहे. 'आपला अर्ज जतन झाला' हे वाक्य एका घटनेविषयी आहे. घटना घडली त्या क्षणी ते खरे असते. तेच वाक्य तासाभराने, मी काहीही केलेले नसताना, पुन्हा माझ्यापुढे आले तर 'आत्ता आणखी काही जतन झाले' असा त्याचा अर्थ मी करीन. आणि तो खोटा असेल. शब्द तेच, अक्षरे तीच, पण पहिल्या खेपेस सत्य आणि दुसऱ्या खेपेस असत्य. काही लोक हा निरोप पानाच्या पत्त्यातच लिहून टाकतात. तो पत्ता कोणी जपून ठेवला तर वर्षानंतरही ते पान बापडे 'जतन झाला, जतन झाला' म्हणत राहते. मेलेल्या पोपटाने बोलत राहावे तसा तो प्रकार. लग्नघरी 'नवरा मुलगा आला' ही आरोळी एकदाच शोभते. मीमांसकांनी, ठाऊक नसलेले कळवणारे वाक्य आणि ठाऊक असलेलेच पुन्हा सांगणारे वाक्य, असा भेद केला आहे. दुसऱ्याला ते अनुवाद म्हणतात. चिठ्ठी फाडणारा कारकून हा भेद आपल्या परीने पाळतो, असे मी म्हणेन.

शिवाय या विस्मरणात एक दयाही आहे. तालुक्याच्या गावी एका दुकानातल्या एकाच संगणकावर दिवसभरात वीस माणसे येऊन बसतात. एकाच्या अर्जातली चूक पडद्यावर तशीच टांगून राहिली, तर ती पुढच्या माणसालाही दिसणार. चुकलेल्याला चूक एकदा सांगावी आणि विषय मिटवावा, हे शहाण्या शिक्षकाचे लक्षण. तेव्हा एकदाच सांगण्याला मी आयुष्यभर सभ्यपणा समजत आलो, त्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही.

आता त्या मुलीची गोष्ट. एका संस्थेसाठी मी शिष्यवृत्तीच्या अर्जांचा प्रोग्राम लिहिला होता. मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी एका लहान गावातल्या मुलीने दुकानात बसून अर्ज भरला. अर्ज जतन झाला. पण सोबत जोडलेल्या उत्पन्नाच्या दाखल्याची फाईल ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी होती, म्हणून माझ्या प्रोग्रामने ती बाजूला टाकली आणि चिठ्ठी लिहिली : 'अर्ज जतन झाला. उत्पन्नाचा दाखला स्वीकारता आला नाही. मुदतीपूर्वी पुन्हा जोडावा.' मुदत संपायला चार तास होते. दाखला पुन्हा जोडला गेला नाही. अर्ज अपुरा ठरला. महिन्याभराने तिचे पत्र आले : मला कोणीही काहीही कळवले नाही, माझा दाखला तयार होता, मी तो जोडला होता.

समितीने मला बोलावले. मी नोंदी काढून नेल्या होत्या. चिठ्ठी अमुक वेळेस लिहिली. ३०३चे उत्तर गेले. अमुक सेकंदांनी पान गेले. चिठ्ठी दाखवली गेली आणि पुसली गेली. मी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "तिला सांगितले होते." समितीतल्या एका वृद्ध बाईंनी विचारले, "तिने वाचले, हे कशावरून?" मी किंचित हसून म्हणालो, "वाचणे तिच्याकडे. आपण सांगितले होते." बाई गप्प बसल्या. कागदापुढे माणसे गप्प बसतात. अर्ज नामंजूर राहिला.

पाचसहा महिन्यांनी दुसऱ्याच एका दोषाचा माग काढताना त्या संध्याकाळच्या नोंदी माझ्यापुढे पुन्हा आल्या. चिठ्ठी पुसल्याची नोंद एका वहीत होती, आणि कोणते पान केव्हा गेले याची नोंद दुसऱ्या वहीत. मी समितीपुढे नेला होता तो पहिल्या वहीतला उतारा. दोन्ही वह्या शेजारी ठेवून मी कधी पाहिल्या नव्हत्या. आता पाहिल्या. ज्या पानावर चिठ्ठी वाचली गेली ते पान तिच्या अर्जाचे नव्हतेच. ते संस्थेच्या सूचनांचे पान होते. दुकानात त्याच ब्राउझरमध्ये दुसऱ्या टॅबवर ते कधीचे उघडे असावे. ते पान दर मिनिटाला आपोआप ताजे होई; ती सोय मीच मोठ्या हौसेने केली होती. गावातले इंटरनेट मंद. ३०३चे उत्तर मुलीच्या ब्राउझरपर्यंत पोचून तिथून नव्या पानाची मागणी येईतो काही सेकंद गेले. तेवढ्यात सूचनांच्या पानाने त्याच बिल्ल्यावर आपली मिनिटाची फेरी केली आणि चिठ्ठी नेली. एक मिनिटभर ती झाकलेल्या टॅबवर झळकली असेल, आणि पुढच्या फेरीला नाहीशी झाली असेल. मुलीपुढे आले ते कोरे, नीटनेटके, निरोप नसलेले पान. तिचे पत्र अक्षरशः खरे होते. खोटे बोललो होतो तो मी.

मी खोटे बोललो, असे म्हणताना मन कचरते. मला जे ठाऊक होते ते मी सांगितले होते. पण 'चिठ्ठी पुसली गेली' एवढेच मला ठाऊक होते, आणि बोललो मात्र 'तिला सांगितले होते' असे. या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे ते मी एका हसण्याने ओलांडले.

हे अंतर आमच्या धंद्याला अजून नीटसे ओलांडता आलेले नाही. २००४ साली लोकांपुढे आलेल्या रुबी ऑन रेल्समध्ये चिठ्ठी पुढच्या एका मागणीपुरती जगते. ती कोणी वाचो वा न वाचो, मुद्दाम राखून ठेवली नाही तर त्यानंतर झाडली जाते. २०१० सालापासून जँगोमध्ये जी निरोपांची सोय आहे तिच्यात चिठ्ठी पानावर मांडली जाईपर्यंत थांबते आणि मांडल्यावर जाते. माझा प्रोग्राम या दुसऱ्या पंथाचा होता. पहिल्या पंथाला वाटते, संधी दिली की सांगणे झाले. दुसऱ्याला वाटते, मांडले की सांगणे झाले. दोघांच्याही हिशेबात माणसाचा डोळा कुठेच नाही.

जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्ड येथे काही व्याख्याने दिली. त्याच्या मृत्यूनंतर १९६२ साली ती पुस्तकरूपाने निघाली. बोलणे हे नुसते वर्णन नसते, बोलून आपण काही तरी करतो, हा त्यांचा गाभा. त्यात इशाऱ्यासंबंधी एक बारीक गोष्ट त्याने दाखवली आहे. समोरच्याने ऐकले नाही, किंवा ऐकूनही तो इशारा आहे हे त्याला उमगले नाही, तर मी इशारा दिला असे म्हणताच येत नाही. फार तर देण्याचा यत्न केला, एवढेच म्हणता येते. हे वाचले तेव्हा मला त्या वृद्ध बाईंचा प्रश्न आठवला. त्यांनी ऑस्टिन वाचला असेल असे मला वाटत नाही. पण प्रश्न तोच होता.

आपल्याकडच्या जुन्या कारभाराला तर हे तत्त्वज्ञाशिवायच कळले होते. गावात दवंडी पिटत, ती ऐकली त्याने ऐकली. रानात गेलेल्याचे काय? म्हणून जिथे माणसाच्या हक्काला हात लागतो तिथे कायदा नुसत्या दवंडीवर विसंबत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, याच्या १५०व्या कलमान्वये तलाठी फेरफाराची नोंद घेतो तेव्हा तिची पूर्ण नक्कल त्याने चावडीत ठळक जागी लावायची असते. आणि तेवढ्यावर न थांबता, ज्यांचा संबंध पोचतो असे दप्तरावरून दिसते त्यांना लेखी कळवायचेही असते. चावडीत लावलेला कागद कोणी एकाने वाचला म्हणून तलाठी तो फाडून टाकत नाही. माझ्या प्रोग्रामने नेमके तेच केले होते.

यावर कोणी म्हणेल, मग प्रत्येक गोष्टीची पोचपावती घ्या. पूर्वी रजिस्टर पत्रासोबत पोचपावती जाई आणि सही होऊन परत येई, तसे करा. पण पोचपावतीलाही अंत नाही. संगणकशास्त्रात दोन सेनापतींचे एक कोडे आहे. १९७८ साली जिम ग्रे यांनी त्याला हे नाव दिले. दोन टेकड्यांवर दोन सेनापती, मध्ये शत्रू, आणि निरोप्या वाटेत पकडला जाण्याची भीती. पहिल्याचा निरोप पोचला की नाही हे कळायला दुसऱ्याची पोच हवी, ती पोच पोचली की नाही हे कळायला पहिल्याची पोच हवी, असे अखेरपर्यंत. दोघांनाही एकदम पुरती खात्री पटेल असा शेवटचा निरोप असूच शकत नाही, हे सिद्ध झालेले आहे. शिवाय दर गोष्टीला 'वाचले, समजले' असे बटण ठेवले, तर माणसे न वाचताच बटण दाबू लागतात. 'लांडगा आला रे आला' म्हणून रोज ओरडणाऱ्याची गत सर्वांना ठाऊक आहे.

मी पुष्कळ दिवस या पेचात होतो. एकदा सांगावे तर पोचत नाही, सतत सांगावे तर खोटे ठरते किंवा कान बधिर होतात. शेवटी सुटका झाली ती ते चुकलेले वाक्यच पुन्हा वाचताना. माझ्या चिठ्ठीत वाक्ये दोन होती आणि मी ती एकाच तागडीत घातली होती. 'अर्ज जतन झाला' हे घटनेविषयी. ते एकदा सांगणे योग्य, नव्हे, एकदाच सांगणे योग्य. मुलीला ते दिसले नसते तरी तिचे काही गेले नसते, कारण अर्ज तिथे होताच. पण 'दाखला स्वीकारता आला नाही' हे घटनेविषयी असले तरी तिथे संपत नाही. त्याने एक स्थिती निर्माण होते : दाखला नाही. ही स्थिती आहे तोवर ते वाक्य दर क्षणी खरे आहे, शंभराव्या खेपेसही खरे आहे. ते फाडून टाकण्याला कसलेही कारण नव्हते. ते त्या अर्जावरच लिहून ठेवायला हवे होते, म्हणजे ज्या दारातून ती येईल त्या दाराशी ते उभे राहिले असते. आणि दाखला जोडला जाताच, कोणी न पुसता, आपोआप नाहीसे झाले असते. त्याला पोचपावती नको, बटण नको. तिने केलेली कृती हीच त्याची पोच.

म्हणजे किती वेळा सांगितले हा प्रश्नच नव्हता. न कळल्याने समोरच्याचे काय जाईल, हा होता. जे न कळल्याने कोणाचे काही बुडत नाही ते एकदा बोलून विसरावे. जे न कळल्याने दुसऱ्याचे वर्ष बुडते, ते त्याच्या वाटेवर ठेवून द्यावे आणि तो ते उचलीपर्यंत तिथून हलवू नये. यात सांगणाऱ्याला खात्री मिळत नाही. त्या दोन सेनापतींसारखा तो शेवटपर्यंत थोडा अंधारातच राहतो. पण खात्री मिळवणे हे त्याचे कर्तव्यच नव्हे. आपले सांगणे लवकर संपवून हात झाडून मोकळे व्हायचे नाही, एवढेच कर्तव्य आहे.

मी समितीला पत्र लिहिले. दोन्ही वह्यांचे उतारे जोडले आणि माझे विधान चुकीचे होते असे कळवले. त्या वर्षाची रक्कम वाटून झाली होती. समितीने मुलीला दिलगिरीचे पत्र पाठवले आणि पुढच्या वर्षी अर्ज करण्यास सुचवले. प्रोग्राम मी एका दुपारीत बदलला. काम तेवढेच होते. पुढच्या वर्षीच्या अर्जांत मी तिचे नाव शोधले. ते नव्हते. दिलगिरीचे पत्र तिला मिळाले की नाही, हेही मी सांगू शकत नाही. ते रवाना झाल्याची नोंद मात्र संस्थेच्या वहीत आहे.

आईच्या त्या वाक्याविषयी मात्र मी लहानपणी अर्धेच पाहिले होते, असे आता वाटते. डब्याबद्दल, भांड्याबद्दल ती 'एकदा सांगितलं ना' म्हणे, हे खरे. पण पावसाळ्यात वडील कामावर निघण्याच्या वेळी ती छत्रीबद्दल काही बोलत नसे. त्यांची छाती नाजूक होती आणि ते विसराळू होते. ती छत्री उंबऱ्यात आडवी ठेवून देई. वडील तिला अडखळत, चिडत, वाकून ती उचलत आणि बाहेर पडत. मग ती आत जाई.